पाण्याला वास नसतो, गुरुजी

गुरुजी, आधी एक गंभीर तक्रार नोंदवून घ्या: काल बैठकीत मला मिळालेलं बिस्कीट सादळलेलं होतं. पंपमालकाच्या बशीतलं मात्र कुरकुरीत होतं. मोडल्याचा आवाज मी स्वतः ऐकला. विषय होता, पेट्रोल पंपाची जमिनीखालची टाकी गळून शेजारच्यांचं पाणी नासलं की नाही. आणि प्रत्येकापुढे सीलबंद पाण्याची बाटली! तुम्ही असतात तर निकाल तिथेच लागला असता. तुम्ही जाऊन वीस वर्षं होत आली. तुमचा हा शिष्य संस्कृतची शब्दरूपं सोडून बीडच्या एका कचेरीत लोकांचं पाणी तपासतो.

पंपामागे एका मिस्त्रीचं गॅरेज आणि घर आहे. गेल्या वर्षी अर्ज त्यानेच आणला. "साहेब, नमाजाआधी वजू करताना नाकात पाण्याबरोबर पेट्रोल जातंय. लई दिवस झाले." मग पंपमालकाने पगारी सल्लागार आणला, बुटाला माती लागू न देता जमिनीचं पोट ओळखणारा तज्ज्ञ. त्याने पंपाभोवती तीन निरीक्षण विहिरी घेतल्या. विहीर शब्दाने फसू नका. बोअर पाडायचं, आत नळी घालायची, नळीला चिरा, चिरांतून येईल ते पाणी बाटलीत भरून प्रयोगशाळेत. तिन्ही बाटल्या गंगाजळासारख्या शुद्ध निघाल्या. मिस्त्रीच्या तक्रारीचं काय, विचारलं तर सल्लागार म्हणाला, "गॅरेजवाल्याचं नाक आहे सर. त्याला अत्तरातही पेट्रोलच येणार." सगळे हसले. त्या सगळ्यांत मीही होतो.

तुमचं स्वयंपाकघर आठवतं. काकू माहेरी गेलेल्या, तुम्ही स्टोव्हवर पिठलं हलवत मला न्यायशास्त्रातल्या पदार्थांची लक्षणं विचारताय. ओट्यावर दोन तांबे. "सांग, कोणत्या पाण्याला वास आहे?" मी ताठ उभा राहून घडाघडा बोलतो: गंध हा पृथ्वीचा गुण, पाण्याला तो नसतोच. तुम्ही दुसरा तांबा माझ्या नाकाखाली धरता. त्यात रॉकेल, दोनच थेंब. "लक्षण पाठ केलंस, हुंगलं नाहीस. पाण्याला वास आला तर आत दुसरं कोण बसलंय ते शोधायचं, गाढवा." त्या नादात पिठलं करपलं, आणि करपलेलं तेवढं तुम्ही माझ्याच ताटात वाढलंत.

शुक्रवारी मिस्त्रीच्या बोअरची मोटर दुरुस्तीसाठी वर काढलेली होती. तो जुम्म्याच्या नमाजला गेलेला. मी बोअरमध्ये वरचा थर धरणारी पारदर्शक नळी सोडली. वर आली तेव्हा पाण्यावर बोटभर पेट्रोल तरंगत होतं. कचेरीत येऊन सल्लागाराच्या विहिरींचे आराखडे काढले. चिरा पार खोल, पाण्याच्या पातळीजवळ नळी सगळी बंद. माळवदावर फिरणारा चोर धरायला यांनी तळघरात पहारा बसवलेला! तर्री रश्श्याच्या वर असते, हे इथल्या कुठल्याही खानावळीत कळतं; त्याला पदवी लागत नाही. काल बैठकीत मी एवढंच विचारलं, "पेट्रोल तरंगतं की बुडतं?" सल्लागाराने फाइल माझ्याकडे सरकवली. "सर, आराखड्यावर तुमचीच सही आहे. रिपोर्टवरसुद्धा." पंपमालकाने बशी पुढे केली. "साहेब, बिस्कीट घ्या ना." मी घेतलं.

खरंच माझी सही आहे. विहिरी खणल्या तेव्हा मी तिकडे फिरकलोही नव्हतो. कागद पाठ करावा तसा वाचला आणि सही ठोकली. तेव्हा मिस्त्री म्हणाला होता, "तुमी सही केली म्हंजे पाणी चांगलं हाय साहेब. माझंच नाक बिघडलं असंल." त्या दिवसापासून त्याने पिण्यासाठी बाहेरून जार आणणं बंद केलं.

गुरुजी, बिस्किटाचं सोडा. शुक्रवारी त्याच्या सुनेने मला चहा आणून दिला, टाकीत साठवलेल्या त्याच पाण्याचा. तिला सातवा महिना आहे. ती आत वळल्यावर मी चहा हळूच मातीत ओतला, कप विसळून ठेवला, आणि तिला काही न सांगता निघालो. मोटर आता परत बसली असेल. खाडाखोडीचं हे पत्र कुठे टाकायचंही नाही. ते ठेवून आधी त्या घरी जायला हवं, हे मला कळतंय. तरी मी लिहीतच बसलोय.