न भरणारी जीप

बाई, तुमचा वाळवणाचा गेम आता मोबाइलवर चालतो. गच्चीवर कुरडयांच्या चार रांगा, वरून येणारा कावळा आणि त्याला हाकलायला इकडून तिकडे पळणारी, काड्यांच्या हातापायांची मुलगी. हरलं की पडद्यावर अजूनही तेच येतं: जा, पाणी पिऊन ये. तुमच्या त्या कॉम्प्युटरच्या यंत्राला मराठी येत नव्हतं, म्हणून तुम्ही ते इंग्रजी अक्षरांत लिहायचात. मी ते देवनागरीत केलंय, बाकी कशाला हात लावलेला नाही. हँडपंपावरच्या गुंडांच्या, म्हणजे पाण्याच्या हंड्यांच्या, रांगेचा गेमही झाला. तिसरा, जीपचा, तोही तयार आहे, पण तो तसाच धरून बसले आहे. पहिल्या पडद्यावर गेम कुणी केला ते लिहायचं आहे आणि तिथं अर्धंच खरं लिहायचं की पूर्ण, यावर माझं आठ दिवसांपासून अडलंय. तुम्ही जाऊन बारा वर्षं झाली. तुम्हाला विचारायचं राहून गेलं म्हणून हे लिहिते आहे.

मी बुलढाण्यात कॉम्प्युटरचा क्लास चालवते. आपल्या धाडच्या शाळेतल्या मुलींचा मोबाइलवर ग्रुप आहे. मुली म्हणायचं आपलं, सगळ्यांचे केस पिकले आहेत. दिवाळीत एकीनं विचारलं, "बाईंचे गेम कोनापाशी हायेत का वं? माह्या नातीले दाखवाचे हायेत." मग जी ती जीपच मागायला लागली. ती कधी भरतच नाही ती जीप, बसवा तितकी माणसं बसतात ती. बाई, कुणालाच आठवत नाही की तुमची जीप भरायची. ती न भरणारी मी केली आणि त्याचा ठपका तुम्ही स्वतःवर घेतलात.

तुमचं स्वयंपाकघर मला घरच्यापेक्षा जास्त आठवतं. भाड्याच्या दोन खोल्यांतली आतली खोली, पिठाच्या डब्यावर ठेवलेला लहान काळापांढरा टीव्ही आणि पाटावर ते तुमच्या भावानं पाठवलेलं यंत्र, नुसता कीबोर्डच वाटायचा. टेपवर गेम साठवायची सोय होती, पण टेपरेकॉर्डर बिघडलेला. त्यामुळे रोज शाळा सुटल्यावर आम्ही पाच-सहा जणी तुमच्या वहीतून गेमच्या प्रोग्रामची एकेक ओळ वाचणार आणि टाइप करणार. एक जण वाचते, एक जण बटणं दाबते, बाकीच्या शेंगा सोलतात. अर्ध्यात लाईन गेली की सगळं पुसलं जायचं. म्हणून तर तुमचे गेम एवढेएवढेसे होते. धाडच्या लाईनीच्या मापानं बेतलेले. हरलेलीनं पाणी प्यायला उठायचं म्हणजे दुसरीला जागा मिळते, हेही तुमचंच डोकं. मी आज क्लासमध्ये शिकवते त्यातलं निम्मं मी त्या पाटाभोवती शिकले आहे.

तुम्ही मला एकदाच रागावलात. गुंडांच्या गेममध्ये मी माझ्या मनानं एक आकडा वाढवला, तर हँडपंपच पडद्याबाहेर गेला. तुम्ही गॅस बंद करून आलात आणि म्हणालात, "वाचलं ते टाइप करायचं, वाटलं ते नाही. वाटलं ते करायचं असेल तर आधी मला सांगायचं." आवाज चढवला नव्हता, तरी मी दोन दिवस तुमच्याकडे फिरकले नाही. तिसऱ्या दिवशी तुम्ही वर्गातच विचारलंत, "काऊन वं, कावळ्याले भेली का?" तुम्ही एरवी शुद्ध बोलायचात, म्हणून सगळा वर्ग हसला आणि मी संध्याकाळी आले.

जीपचा गेम तुम्ही आमच्या बाबांच्या जीपवरून केला होता. बाबा धाड-बुलढाणा रस्त्यावर जीप चालवायचे आणि तुम्ही दर शनिवारी त्याच जीपनं घरी जायचात, सोमवारी परत यायचात. गेममध्ये जीप डावीकडून निघते, रस्त्याच्या कडेला माणसं उभी असतात, बटण दाबलं की माणूस बसतो, फाट्यावर काही उतरतात. आम्हाला तोंडी बेरीज-वजाबाकी यावी म्हणून केलेला गेम तो. आकडा मनात धरायचा, कारण दहावा माणूस बसला की शिट्टी वाजते, जीप थांबते आणि पोलीस येतो. ती एकच ओळ होती, तुमच्या सुबक अक्षरातली. खेळताना शिट्टी वाजली की मैत्रिणी माझ्याकडे बघून हसायच्या, कारण आमच्या जीपमध्ये दहावा माणूस म्हणजे अजून सुरुवातच असायची. मी पण हसायचे. मला ते आवडत नव्हतं, एवढं मात्र खरं.

मग जिल्ह्याचं विज्ञान प्रदर्शन आलं. हेडमास्तरांनी तुम्हाला शब्द दिला होता की नंबर आला तर शाळेतली सामानाची खोली रिकामी करून देऊ, यंत्र तिथं ठेवा. तुम्हाला ती खोली हवी होती, कारण बाईंच्या घरी जायची परवानगी नसलेल्या पुष्कळ मुली वर्गात होत्या. त्या मुलींची नावं तुम्ही वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवली होती. आपण बाबांच्याच जीपनं बुलढाण्याला गेलो. यंत्र टॉवेलात गुंडाळून तुमच्या मांडीवर, टीव्ही माझ्या पायांत, आणि जीपमध्ये चौदा माणसं. टाइप करायचं काम माझ्याकडे होतं. मी टेबलाशी बसून ओळ ओळ उतरवते आहे, भोवती माणसं जमली आहेत, आणि मान वळवून बघते तर बाबा मागं उभे. धुतलेला सदरा, हातात टोपी. लेकीचं कौतुक बघायला आलेला माणूस. आणि माझं बोट नेमकं पोलिसाच्या ओळीवर. मी ती गाळली आणि पुढची ओळ घेतली.

परीक्षक स्वतः खेळायला बसले. दहावा बसला, विसावा बसला. माणसांची डोकी जीपमधून वर आली, आभाळात गेली, टीव्हीभर झाली आणि यंत्र अडकलं. लोक पोट धरून हसले. परीक्षकांनी विचारलं, "बाई, या जीपमध्ये माणसं बसतात तरी किती?" तुम्ही एकदा पडद्याकडे पाहिलंत, एकदा वहीकडे, आणि म्हणालात, "मर्यादा घालायची राहिली माझ्याकडून. चूक माझी आहे." ते म्हणाले, मुलांना हेच शिकवता का, आणि पुढच्या टेबलाकडे गेले. खोली मिळाली नाही. तुम्ही मला काही विचारलं नाहीत. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात मुलींनी तीच, पोलीस नसलेली जीप मागितली, आणि तुम्ही म्हणालात, चालेल. दोन वर्षांनी बदली झाली तेव्हा वही मला देऊन गेलात. एवढ्या मुलींतून मलाच का, हे मी तेव्हाही विचारलं नाही.

इथवर लिहून हे पत्र चार दिवस पडून होतं. बाबा आता माझ्याकडे असतात. जीप कधीच विकली, गुडघे बोलतात, पण नजर पक्की आहे. परवा त्यांच्या हातात मोबाइल दिला, तर तासभर माणसं भरत बसले. मग म्हणाले, "हिच्यात पोलीस काऊन नाही वं?" आणि बाई, माझ्या तोंडून पटकन निघालं, "बाई इसरल्या असतीन, बाबा."

त्यांनी मोबाइल खाली ठेवला. "बाई कायच्या इसरतात. तू टाइप करून राह्यली व्हती तवा मी मांगंच उभा व्हतो. वहीत व्हती ते ओळ."

"तुम्हाले कसं समजलं? इंग्रजीत व्हती ते."

"पोलीस लिवेल मले तवाबी वाचता ये. त्यायच्या गाडीवर लिवेल राह्यते."

बाबा पुढं म्हणाले. "येतानी म्या बाईले म्हणलं, पोरीनं मह्यासाठी गाळली, मी हेडमास्तरले सांगतो. त त्या म्हणल्या, मले माहीत हाय, तुम्ही समोर पाहून गाडी चालवा." मी तेव्हा मागच्या सीटवर झोपले होते. बाबा म्हणाले की त्या दिवसापासून पुढच्या सीटवर तुमच्या शेजारी त्यांनी कधी कुणाला कोंबलं नाही. मागं कितीही माणसं लोंबकळू देत, तुमची बाजू मोकळी. मला वाटायचं, शिक्षक म्हणून मान देतात.

त्या रात्री मला शांत झोप लागली, हे सांगायला लाज वाटत नाही. सकाळी जीपच्या पहिल्या पडद्यावर लिहिलं: गेम धाडच्या बाईंचा. यातली पोलिसाची ओळ जीपवाल्याच्या मुलीनं जाणूनबुजून गाळली, चूक बाईंची नव्हती. आणि तो गेम ग्रुपवर टाकला. कुणीतरी शिव्या घालेल असं वाटलं होतं. पहिलं उत्तर आलं त्या मागच्या पानावरच्या मुलींपैकी एकीचं, जी तुमच्या घरी कधीच येऊ शकली नाही. तिनं पोलीस असलेली जीपही मागितली आहे, तिला ती कशी होती ते बघायचंय. तीही करते आहे. वहीत ओळ आहेच. शिवाय क्लासमागची खोली मी रविवारी मुलींसाठी मोकळी ठेवणार आहे, पैसे न घेता. दोघींनी नावं दिली आहेत.

हे सगळं लिहून झाल्यावर हे पत्र कुठं छापायला द्यावं की नाही याचा विचार करत बसले. छापणार नाही. पण तुम्हाला लिहायला बसलेच आहे तर एक राहिलेलं सांगते, जे मी पडद्यावर लिहिलेलं नाही आणि बाबांनाही सांगितलेलं नाही. त्या दिवशी सगळे हसत होते, तुम्ही एकट्या उभ्या होतात, आणि बाई, मीसुद्धा हसत होते.