उटकटाऱ्याचं मूळ

राजूर, मंगळवार, २२ ऑक्टोबर १९९६

सकाळी माझ्या लेकीला, सुमनला कळा सुटल्या. सासूबाईंनी बांधावरचा काटेरी उटकटारा खणून लवकर सुटका व्हावी म्हणून त्याचं मूळ तिच्या केसात बांधलं. म्हणाल्या, "बाळ झालं की जल्दी सोडा, न्हाई तर रक्त थांबत न्हाई." शाळेत विज्ञान शिकवणारी मी, हसले. परीक्षा होती म्हणून मागं राहिले. जावई तिला जीपनं जालन्याला घेऊन गेले.

आत्ता त्यांचा फोन आला, "मुलगी झाली, पण रक्त थांबून न्हाई राह्यलं." आणि कटला.

मूळ सोडलं का, हे विचारायचं राहूनच गेलं. विचारणार तरी कोणत्या तोंडानं? अजून केसातच असेल का ते मूळ? परत फोन लागत न्हाई.

दिवेलागणीला मोकळे केस सासूबाईंना बिलकुल चालत न्हाईत. मी अंबाडा सोडून बसलेय. त्यांनी बघितलं आणि स्वतःचाही अंबाडा सोडला.