रॅम्पवरच्या चपला

शुक्रवार, मगरीबच्या नमाजनंतर

त्या चपला काही डोळ्यांसमोरून जात नाहीत. परवा अब्बा रत्नागिरीला परत जाणार, म्हणून आज त्यांना कयाकमधून, म्हणजे वल्ह्याच्या छोट्या होडीतून, गळ टाकायला नेलं. चाळीस वर्षं मासेमारी केलेला माणूस, इथे आखातात माझ्याकडे महिनाभर फ्लॅटच्या खिडकीतून समुद्र बघतोय.

मुहर्रकचा होड्या पाण्यात उतरवायचा रॅम्प सगळ्यांना खुला आहे, असं मी छातीठोकपणे सांगितलं होतं. पण तिथल्या बंगाली वॉचमनने रेसिडेंट कार्ड मागितलं. अब्बा व्हिजिट व्हिसावर, त्यांच्याकडे कार्ड कुठलं? आधी चौकशी करायला काय झालं होतं मला?

"चाचा पानी में नहीं जा सकते," तो म्हणाला. त्यालाही ते जड जात होतं.

तोवर अब्बांनी रॅम्पच्या वरच्या टोकालाच चपला काढून बाजूला लावल्या होत्या. मी म्हटलं, "अब्बा, प्लास्टिकची कयाक आहे ती. चपला राहू द्या पायात."

"होडी ती होडीच," ते म्हणाले. आमच्या गावी पायताण घालून कुणी होडीत चढत नाही.

वॉचमन त्या चपलांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "रस्सी बँधी रहे तो चाचा बैठ सकते हैं." वाकून त्याने स्वतःचे बूट काढले, अब्बांच्या चपलांशेजारी ठेवले आणि होडी धरायला खाली आला.

अब्बा तासभर बसले. बोटभर मासा लागला, तो त्यांनी सोडून दिला.

परत निघताना पाहिलं, तर वर दोनच जोड होते. तिसरा माझ्या पायात.