तळ्याच्या तीन रेघा

९ मार्च २०२५
झालं! पीएचडीच्या प्रबंधाचं शेवटचं प्रकरण संपलं. राजस्थानातल्या माझ्या खाऱ्या तळ्याभोवती दगडगोट्यांच्या तीन रेघा – जुन्या काठांवर लाटांनी रचलेल्या, एकीखाली एक. वरची सगळ्यात जुनी, खालची सगळ्यात नवी. म्हणजे पाऊस हळूहळू कमी होत गेला, तळं टप्प्याटप्प्याने आटलं. आमच्या गाईड सुमती मॅडम म्हणाल्या, "दर्शना, स्वच्छ काम!" रेघांच्या वाळूचं वय तेवढं लॅबमधून यायचंय. ते काय, नुसता शिक्का!

१० मार्च
हॉलमध्ये फोटो पसरून बसलेले. बाबा चष्मा लावून वाकले. बाळकुमची मिठागरं बंद होईपर्यंत तिथेच राबलेला माणूस. खालच्या रेघेत मी खणलेल्या खड्ड्याचा फोटो त्यांनी उचलला.
"गोट्यांवर हा गाळ कसला?"
"वाऱ्याने आलेली धूळ, बाबा."
"वाऱ्याची धूळ अशी पापुद्र्या-पापुद्र्यानं बसत नाय. ही रेघ बुडालेली. पानी गेलं, नि परत आलं."
मी फटकन बोलले – "तुम्ही तिथे गेलायत का कधी?"
बाबांनी फोटो जागेवर ठेवला. उठले.

११ मार्च
आई म्हणाली, "तुझ्या दगडांच्या पिशव्या तीन वर्षं गच्चीवर कोन चढवतं गं?"
लाज वाटतेय.

१४ मार्च
त्या गाळाचा नमुना गच्चीवर होताच. पाण्यात कालवून गाळला. भिंगाखाली – पाण्यातल्या गोगलगायींचे शंख! मोहरीएवढे, अख्खे, थरावर थर. ही वाऱ्याची धूळ नाही. इथे पाणी उभं होतं.
मॅडमना कळवलं. "वयं येऊ देत," म्हणाल्या. बाबांना अजून सांगितलं नाही.

२ एप्रिल
रिपोर्ट आला. वरची रेघ अकरा हजार वर्षांची. खालची आठ. मधली – सहा! मधलीच सगळ्यात नवी. तळं आधी खाली उतरलं, मग पाऊस परतला, पाणी मधल्या रेघेपर्यंत चढलं आणि खालची बुडाली. माझं अख्खं प्रकरण रद्द. आणि मी घरभर नाचतेय!
फोनवर मॅडम : "आधी कुणाच्या लक्षात आलं हे?"
"माझ्या बाबांच्या. मिठागरात होते ते." हे सांगताना छाती जी फुगली – स्वतःच्या कामाने कधी फुगली नव्हती.
बाबांची माफी मागितली. "अगं, पानी बघन्यातच जल्म गेला," एवढंच म्हणाले.

५ एप्रिल
आज बाबांनी फोटोत सगळ्यात वरच्या रेघेच्याही वर बोट ठेवलं, टेकडीच्या पोटाशी. "ही चौथी का नाय मोजलीस?"
तीन वर्षं मला ती पायवाट वाटत होती.
तिकिटं काढली. दोन.