फ्रेंचमध्ये अठ्ठ्याण्णव

बाबा,

परवा अबू धाबीत तीन परीक्षकांसमोर मी पाऊण तास फ्रेंच बोलले. त्यातल्या शेवटच्या वीस मिनिटांतलं एकही उत्तर पाठ केलेलं नव्हतं. वीसपैकी सोळा मिळाले. फ्रेंच भाषा, साहित्य आणि संस्कृती या विषयाची तीन वर्षांची पदवी तुमच्या मुलीला वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी मिळाली, आणि मला स्वतःचा इतका अभिमान वाटतोय की कालपासून मी घरात उगाचच इकडून तिकडे फिरते आहे. तुम्हाला जाऊन तेवीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुम्हाला पत्र लिहावंसं कधी वाटलं नाही, कारण सांगण्यासारखं जे होतं ते चारचौघांकडे असतं तेच होतं: नोकरी, लग्न, मुलगी, चौथ्या प्रयत्नात मिळालेलं ड्रायव्हिंग लायसन्स. पण हे तुम्हालाच सांगायला हवं. माझ्या फ्रेंचची पहिली आणि सगळ्यात कडक परीक्षा तुम्ही घेतली होती, आणि तीत मी सपशेल नापास झाले होते.

शाळेत मी फ्रेंच का घेतलं ते तुम्हाला आठवत असेल. रुवैसच्या आपल्या रिफायनरी कॉलनीत सगळ्यांच्या घरी एकच हिशेब चालायचा. हिंदी घेतलं तर मार्क कापतात, फ्रेंच ‘स्कोअरिंग’ आहे, टक्केवारी वर जाते. पॅरिस कुठे आहे हे ठाऊक नसलेली आम्ही सतरा मुलं त्या एका शब्दावर फ्रेंचच्या वर्गात जाऊन बसलो. बाईंनी पाच पत्रं आणि सात निबंध लिहून दिले होते. त्यांतलं एक तरी परीक्षेत येणारच, आणि यायचंच. मी बाराच्या बारा तोंडपाठ केले, अ‍ॅक्सेंटच्या खुणांसकट, आणि दहावीला मला अठ्ठ्याण्णव पडले. तुम्ही कंट्रोल रूममध्ये पेढे वाटलेत. पाकिस्तानी फोरमनपासून फिलिपिनो क्लार्कपर्यंत सगळ्यांना कळलं की शिफ्ट सुपरवायझरसाहेबांच्या मुलीला फ्रेंच येतं.

मग त्याच सुट्टीत तो फ्रेंच इंजिनिअर आला. नवं युनिट सुरू करायला त्यांची चार माणसं आली होती, त्यातला हा सगळ्यात उंच. तुम्ही त्याला शुक्रवारी जेवायलाच बोलावलंत. आईने भरल्या वांग्यांत तिखट निम्मं घातलं आणि तरी तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. तुम्ही सकाळपासून “यल्ला, आवरा लवकर, तो वेळेचा पक्का आहे” असं दहादा म्हणालात. मी नवा ड्रेस घालून सोफ्याच्या कडेला बसले आहे, एसीखाली असूनही मला घाम फुटला आहे, आणि तुम्ही त्याला सांगताय, “माय डॉटर. फ्रेंच. नाइन्टी एट आउट ऑफ हंड्रेड!” तो माझ्याकडे वळला, छान हसला आणि फ्रेंचमध्ये काहीतरी म्हणाला. आज मला पक्कं ठाऊक आहे की त्याने एवढंच विचारलं होतं, तुला इथे करमतं का? तेव्हा मला त्यातला एकही शब्द कळला नाही. तुम्ही, आई, तो, तिघंही माझ्या तोंडाकडे बघत होतात. मी डोळे मिटले आणि पत्र क्रमांक तीन म्हणायला सुरुवात केली.

‘प्रिय मित्रा, मी सुट्टीत काकांकडे समुद्रकिनारी आलो आहे. हवा सुंदर आहे. रोज सकाळी आम्ही पोहायला जातो.’ मी थांबलेच नाही. थांबले असते तर पुढचं आठवलं नसतं. काकांचा कुत्रा, आजीने केलेला केक, पुढच्या रविवारी परत येणार, तुझ्या आईवडिलांना नमस्कार, तुझा लाडका मित्र, आणि खाली पुस्तकातल्या त्या मुलाचं नाव, तेही म्हणून टाकलं. त्या माणसाचा चेहरा क्षणभर कोरा झाला, मग त्याने टाळ्या वाजवल्या. तुम्ही इतके खूश झालात की त्याच्या ताटात न विचारता तिसरं वांगं वाढलंत. जेवण होईपर्यंत तो माझ्याशी हळू, सोप्या इंग्रजीत बोलत राहिला. त्याच्या त्या चांगुलपणाने मला जास्तच मेल्यासारखं झालं.

तो गेल्यावर मी स्वयंपाकघरात येऊन तुम्हाला खरं सांगितलं. मुकाट राहिले असते तर तुम्हाला जन्मात कळलं नसतं, पण तुम्ही ताटं घासता घासता फोनवर अबू धाबीच्या काकांना “अगदी फाडफाड बोलली हो!” म्हणून सांगत होतात, ते मला ऐकवेना. तुम्ही नळ बंद केलात. रागावला असतात तर बरं झालं असतं. तुम्ही हात पुसले आणि म्हणालात, “आमच्याकडे असे ऑपरेटर असतात. उन्हात टाकीपर्यंत जायचा कंटाळा. मग आदल्या शिफ्टचं रीडिंग बघायचं, एखादा आकडा इकडेतिकडे करायचा आणि लॉगबुकात उतरवायचं. लॉगबुक दिसतं छान. टाकीत काय आहे ते मात्र कुणालाच माहीत नसतं.” आणि मग, “तुझे अठ्ठ्याण्णव तसे आहेत, बाळा.” तुम्ही ‘बाळा’ म्हणालात म्हणून मला रडू आलं. संध्याकाळी तुम्ही मला समुद्रावर आइस्क्रीम खायला घेऊन गेलात. घराशी गाडी थांबवताना फक्त म्हणालात, “वांगी मात्र आवडली त्याला.”

बारावीनंतर मी पुण्याला इंजिनिअरिंगला गेले. तिसऱ्या वर्षात होते तेव्हा तुम्ही ड्यूटीवर असतानाच गेलात. पुढे मी नोकरीसाठी दुबईला आले, लग्न केलं, सतरा वर्षं एका कंपनीचं सॉफ्टवेअर सांभाळलं. आम्ही इंटरनॅशनल सिटीत राहतो. तिथल्या वस्त्यांना देशांची नावं आहेत आणि आमच्या बिल्डिंगचा पत्ता, हसू नका, फ्रान्स क्लस्टर. खाली मलबारी किराणा, शेजारी पेशावरी नानवाला, समोर केरळचा न्हावी, आणि पाटीवर फ्रान्स. रोज तिच्याखालून येता-जाता मला कुणीतरी टोचून बोलल्यासारखं वाटायचं. कंपनीने आमचा विभागच बंद केला तेव्हा तुमचे जावई म्हणाले, “टेन्शन घेऊ नकोस, दुसरी मिळेल.” मी म्हटलं, मला दुसरी नको, मला कॉलेजात जायचंय. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. “आता? फ्रेंच?” मग बराच विचार करून म्हणाले, “बरं. पण मला फक्त अंडाभुर्जी येते, हे लक्षात ठेव.” तुमची नात आज सोळा वर्षांची आहे, तेव्हा अकरा-बाराची होती. तिने हेडफोन काढून विचारलं, “आई, यू आर गोइंग टु कॉलेज? विथ किड्स?”

किड्सच होती. लेबनीज, मोरोक्कन, इथली अमिराती, दोन-चार खरोखरची फ्रेंच, सगळी अठरा-एकोणीसची. मी अबू धाबीतल्या त्या फ्रेंच विद्यापीठात पहिल्या दिवशी वर्गात शिरले तर मला प्राध्यापक समजून चौघं उठून उभी राहिली. आधी बस, मग मेट्रो, मग अबू धाबीची बस, असं करून पोचायचं, आणि पोचल्यावर कळायचं अर्धंच. वर्ष-दीड वर्ष शिकवणी लावून, प्रवेशपरीक्षा देऊन गेले होते तरी ही गत. त्यात पहिला पेपर आला. एक पानभर उतारा देतात आणि त्याचं विवेचन करायचं. मी काय केलं असेल? इंटरनेटवर त्या पुस्तकाबद्दल मिळेल ते गोळा केलं, उत्तम वाक्यं निवडली आणि पाठ केली. वीसपैकी सहा. आमच्या प्राध्यापिका ट्युनिसच्या, माझ्याहून लहान, बोलायला गोड आणि मार्क द्यायला महाकंजूष. त्यांनी पेपर हातात देताना म्हटलं, “मादाम, हे सगळं लोकांनी आधीच लिहिलेलं आहे. तुम्हाला या पानावर काय दिसलं?” मला कानशिलात बसल्यासारखं झालं, बाबा. तिशीच्या आतबाहेरची ती बाई ट्युनिशियन फ्रेंचमध्ये तुमचंच वाक्य बोलत होती.

तेव्हापासून मी उन्हात टाकीपर्यंत जायला लागले. उतारा घ्यायचा, सगळी मदत बाजूला ठेवायची आणि एकेका ओळीपाशी जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं. दिसलं तेवढंच लिहायचं. नाही दिसलं तर ‘दिसलं नाही’ असं लिहायचं. फार हळू जायचं सगळं. एका पानाला तीन-तीन दिवस. पण एकदा काय झालं, जेवणाच्या एका प्रसंगात घरातली थोरली बाई दोन पानं एक शब्द बोलत नाही, फक्त वाढते, हे मला दिसलं. वर्गातल्या एकाही फ्रेंच पोराला ते दिसलं नव्हतं. अहो, त्यांना कसं दिसणार! मी ते मोडक्यातोडक्या वाक्यांत लिहिलं आणि चौदा मिळाले. घरी आल्या आल्या सांगितलं, तर इथे प्रत्येक किमतीचे रुपये करायची सवय लागलेल्या जावयांनी लगेच वीसचे शंभर केले. “चौदा म्हणजे सत्तर टक्के. ठीक आहे गं, पुढच्या वेळी इन्शाल्ला नव्वद.” मी त्यांना ओरडून सांगितलं की इथे नव्वद देवालासुद्धा देत नाहीत.

शेवटच्या वर्षाच्या प्रबंधाला मी तोच विषय घेतला: फ्रेंच कादंबऱ्यांतली जेवणाची टेबलं, तिथे कोण बोलतं आणि कोण गप्प बसतं. परवा त्याची तोंडी परीक्षा होती. माझं तयारीचं भाषण नीट झालं. मग पॅरिसहून आलेले म्हातारे परीक्षक, ज्यांनी तोवर एकदाही मान वर केली नव्हती, ते म्हणाले, “कागद मिटा, मादाम. आता सांगा, भारतातून आलेल्या, या देशात वाढलेल्या बाईला आमच्या जेवणाच्या टेबलाशी काय घेणं?” हा प्रश्न माझ्या कुठल्याच टिपणात नव्हता. डोळे मिटावेत असं अगदी वाटलं. पण मी ते उघडेच ठेवले आणि त्यांना रुवैसचं जेवण सांगायला लागले.

भरल्या वांग्यांना फ्रेंचमध्ये काय म्हणावं ते मला सुचेना, मी सरळ ‘भरली वांगी’च म्हटलं. चुका झाल्या, एकदोनदा वाक्य अर्ध्यावर सोडून नव्याने सुरू केलं. पण पत्र क्रमांक तीन मी त्यांना म्हणून दाखवलं, कुत्रा, केक, लाडका मित्र, सगळं, आणि ते तिघंही पोट धरून हसले. मग तुमची टाकी सांगितली, लॉगबुक सांगितलं. तेव्हा कुणी हसलं नाही. म्हातारेबुवा चष्मा काढून पुसत बसले आणि म्हणाले, “तुमच्या वडिलांनी आमच्याकडे शिकवायला हवं होतं.” बाबा, हे वाक्य मला पहिल्या झटक्यात कळलं! एकेक शब्द! निकाल सांगितल्यावर आमच्या ट्युनिसच्या बाई मला बाहेर येऊन भेटल्या, घट्ट मिठी मारली आणि “खलास, हबीबती!” म्हणाल्या. झालं एकदाचं, लाडके! तेवढं अरबी तर मलाही येतं. त्या पोरांनी, मला पाहून उभी राहिलेल्या त्याच पोरांनी, कॉरिडॉरमध्ये असा गोंधळ घातला की गार्ड धावत आला. मी मनसोक्त ओरडले. चव्वेचाळीस वर्षांत तशी कधी ओरडले नव्हते.

काल घरी श्रीखंड-पुरीचं जेवण केलं. जावयांच्या ऑफिसातली तीन मराठी कुटुंबं होती, पुण्याहून आई व्हिडिओ कॉलवर होती. सगळ्यांनी आग्रह केला, दोन शब्द बोल. मी उभी राहिले आणि म्हणाले, “मला हे बारावीनंतरच करायचं होतं. तेव्हा बाबांनी करू दिलं नाही. पण मी जिद्द सोडली नाही.” टाळ्या पडल्या. हे मी काही पहिल्यांदा म्हणाले नव्हते. जावयांना लग्नाआधीच असं सांगितलं होतं, इथल्या प्रवेशाच्या मुलाखतीतही हेच. ऐकणाऱ्याला पटतं, कोणी पुढे काही विचारत नाही. फक्त आई स्क्रीनवर एकदम गप्प झाली. आणि तुमची नात, जिने तुम्हाला कधी पाहिलं नाही, ती माझ्या गळ्यात हात टाकून म्हणाली, “आजोबा वॉज सो मीन टु यू, आई.”

मी पुऱ्या तळायला आत गेले.

बारावीच्या निकालानंतर आठवड्याने तुम्ही पुण्याच्या कॉलेजचा फ्रेंचचा फॉर्म मागवून घेतला होतात. जेवणाच्या टेबलावर माझ्यासमोर ठेवलात आणि म्हणालात, “इंजिनिअरिंगचं मी म्हणतो म्हणून करू नकोस. हे आवडत असेल तर हे कर. पहिल्यापासून नीट शिक.” मला ते हवं होतं. आणि मला फक्त त्या इंजिनिअरचा कोरा झालेला चेहरा दिसला. मी म्हटलं, “छे, फ्रेंच कशाला, इंजिनिअरिंगच.” तुम्ही “बघ हं” म्हणालात, पुन्हा एकदा “बघ हं” म्हणालात, आणि फॉर्म उचलून घेतलात. तुम्ही अडवलं नव्हतं, बाबा. मी घाबरले होते.

लेक शाळेतून येईल आता. तिला हे आज सांगायचं आहे, आणि कुठून सुरुवात करावी ते मला कळत नाहीये.