ज्याची वायर त्याच्याच प्लगाला

प्रिय ताई,

पत्राला उशीर झाला म्हणून रागावली असशील. खुशाल रागाव, पण आधी वाच. हल्ली डोक्याचा नुसता भुगा झालाय.

आधी गंमत सांगतो. तुझ्या भावाचं चक्क नाव व्हायला लागलंय! इंजिनावर ठिणगीची वीज तयार करणाऱ्या मॅग्नेटोपासून चार प्लगांकडे चार वायरी जातात, आठवतं ना? लहानपणी एकीला हात लावून तू केवढ्याने किंचाळली होतीस! चारही काळ्या, सारख्या लांबीच्या, एकमेकींत गुंतलेल्या. एक जरी दुसरीच्या जागी लागली, की ठिणगी भलत्या वेळी पडते आणि इंजिन खोकत बंद पडतं. मी इंजिनाच्या अंगाला भोकं पाडलेली लाकडी पट्टी बसवली, एकेका भोकातून एकेक वायर ओवली, मॅग्नेटोकडची टोकं पक्की केली आणि प्लगाकडे प्रत्येकीचं शेपूट एवढंच ठेवलं, की शेजारच्या प्लगाला ते पोचतच नाही. आता डोळे मिटून जोडा. मोटारवाले येऊन बघून जातात, बाबा तोंडभर कौतुक करतात.

खरं कारण मात्र मी कुणाला सांगितलं नव्हतं. डॉक्टरीणबाईंची गाडी आपल्या कारखान्यातून दुरुस्त होऊन गेली आणि भर चढावर बंद पडली. बाई अडलेल्या बाळंतिणीकडे पायी पळत गेल्या, थोडक्यात निभावलं. उघडून बघतो तर दोन वायरींची अदलाबदल! पुढे आणखी एका गाडीत तेच. बाबा आणि मी एकाच गाडीवर आळीपाळीने बसतो, एक उठला की दुसरा हात घालतो, त्यामुळे कोणी काय जोडलं याचा पत्ता नसतो. पण मी मनाशी ठरवूनच टाकलं, की बाबांचं वय झालं. त्यांना तोंडावर काय बोलणार? त्यांचा मान राहावा म्हणून ही पट्टी.

परवा भाजी निवडता निवडता आई रडायला लागली. खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं, बाबांनी तिला बजावून ठेवलंय, की पोराचं चित्त ठिकाणावर नसतं, वायरी चुकवतो, त्याला कळू देऊ नकोस. पट्टी बघून त्यांना वाटलं, मला माझी चूक उमगली! ताई, तेव्हापासून मला माझ्याच हातांचा भरवसा वाटेनासा झालाय. मी चहा घेतला का, असं काल आईला विचारलं, तर तिने नुसतं बोट दाखवलं. कप माझ्या हातात होता.

वायरी आता चुकूच शकत नाहीत, म्हणजे चुकत कोण होतं हे कळायची वाटही मीच बंद केली. पण गाडीत चुकवण्यासारखं अजून पुष्कळ असतं. आज सकाळी डॉक्टरीणबाईंच्या गाडीच्या स्टिअरिंगचा नट नुसत्या बोटांनी फिरला. तो मी आवळल्याचं मला पक्कं आठवतंय. बाबांनाही पक्कं आठवतंय, की त्यांनीच आवळला. बाईंना काहीतरी सबब सांगून गाडी ठेवून घेतलीय. भाऊजींना सांग आणि लगेच निघून ये. कारखान्यात विणकाम घेऊन बस आणि आम्हा दोघांवर नजर ठेव. जो चुकत असेल त्याच्या हातातून पाना काढून घे. मला ते बाबांच्या बाबतीत जमणार नाही, त्यांना माझ्या बाबतीत जमणार नाही. आणि तो मीच निघालो तर, माझी शपथ, मला गोड बोलून फसवू नकोस.

तुझाच,
धाकटा