‘येते’ आलं की ‘सांभाळून जा’

४ मार्च
बायको धाकट्या बहिणीकडे गेली. जाताना म्हणाली, मेसेजला साधं ‘हं’ तरी लिहावं माणसाने, भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं. मोठ्या बॅगा नेल्या. हवापालट चांगलाच असतो.

६ मार्च
हवापालटाला जाऊनही मेसेज चालूच. जेवलात का, गॅस बंद केलात का. याला उत्तरं देत बसलो तर ऑफिसात विम्याचे दावे कोण तपासणार?
संकल्प: माझ्या वतीने उत्तरं देणारा चॅटबॉट. एक लायब्ररी सापडली, म्हणजे कुणीतरी आयता लिहून ठेवलेला कोड. ‘अगदी हलकी. वीस ओळींत बॉट तयार.’ मला दहा पुरतील. रविवारी जेवण झालं की उरकतो.

९ मार्च, रविवार
उरकलं नाही. एका स्वल्पविरामासाठी दुपारभर अडून बसला कॉम्प्युटर. तंत्रज्ञान अजून कच्चं आहे.

१५ मार्च
बॉट चालू! ‘जेवलात’ दिसलं की ‘हो. तू जेवलीस का?’ ‘गॅस’ दिसलं की ‘बंद केला.’ ‘खरंच’ दिसलं की ‘मी कधी खोटं बोललोय का?’
संसार म्हणजे एवढंच. कुणी मांडून बघत नाही इतकंच.

१८ मार्च
मेहुणीचा फोन. भावोजी, काय जादू केलीत, म्हणे. ताई फोनकडे बघून हसत बसते. मी म्हणालो, मनापासून लिहितो हो.

२० मार्च
किरकोळ चूक. तिने लिहिलं, ‘चला, येते.’ बॉटने लिहिलं, ‘ये, वाट बघतोय.’ तिने विचारलं, कुठे येऊ? भाजी आणायला निघालेय.
यंत्राला काय कळणार? आपल्यात निघताना ‘जाते’ म्हणत नाहीत, ‘येते’च म्हणतात. नवा नियम घातला: ‘येते’ आलं की ‘बरं, सांभाळून जा.’ भाषेची ही जाण त्या लायब्ररीवाल्याला सात जन्मांत यायची नाही.

२६ मार्च
दूध उतू गेलं, पातेलं करपलं. बॉटने तिला ‘गॅस बंद केला’ कळवलं. घरात एक तरी जबाबदार आहे. मी हल्ली चॅट उघडतही नाही.

२८ मार्च
मेहुणी फोनवर कडाडली. माणूस आहात की कोण, म्हणाली, आणि फोन आपटला. चॅट उघडलं.
ती: उद्या येते. बॅगा भरल्यात.
बॉट: बरं, सांभाळून जा.
ती: खरंच?
बॉट: मी कधी खोटं बोललोय का?
ती: मग जाते.
बॉट: समजलं नाही. पुन्हा लिही.
तिने पुन्हा लिहिलं. ‘जाते.’ इतक्या वर्षांत दारातून बाहेर पडताना हा शब्द तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. रागावून गेली तेव्हाही ‘येते’च म्हणाली होती.
दोष माझा नाही. हलकी म्हणून सांगितली होती, हलकीच निघाली लायब्ररी.

२९ मार्च
बॉट बंद केला. स्वतःच्या बोटांनी लिहिलं: गैरसमज नको, ती उत्तरं माझी नव्हती, बॉटची होती.
तिचं उत्तर आलं: ‘म्हणजे मी जेवले का, हेही तुम्ही विचारलं नव्हतं?’
प्रश्न सरळ होता.
बॉट चालू केला.